कान्हेरीपर्यंत पायी : चालण्याचे आव्हान कसे ठरवावे?

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी आमच्या वस्तीतली तीसेक माणसे बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात गेली. विहारात आदल्या रविवारी ठरले होते : गेटपासून कान्हेरी लेण्यांपर्यंत पायी जायचे आणि पायीच परत यायचे. कोणीतरी म्हणाले, "आव्हान म्हणजे आव्हान, बस नको." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या.

मुख्य गेटपासून कान्हेरी सहा-सात किलोमीटर आहे. रस्ता डांबरी आहे, पण हळूहळू चढत जातो आणि शेवटच्या टप्प्यात चढ चांगलाच जाणवतो. वर पोहोचल्यावर लेण्यांच्या पायऱ्या वेगळ्याच. जाऊन-येऊन तेरा किलोमीटरच्या आसपास चाल होते. आमच्यापैकी निम्म्या लोकांनी त्याआधी महिनाभर सलग वीस मिनिटेसुद्धा चालले नव्हते. एक ताई साखरेच्या गोळ्या घेऊन, पण सकाळी चहाशिवाय काही न खाता निघाल्या होत्या, कारण पाचला उठून सगळ्यांचे डबे त्यांनीच केले होते. चढावर त्यांचे हातपाय थरथरू लागले, दरदरून घाम फुटला, बोलणे तुटक झाले. कोणाच्या तरी पिशवीत लिमलेटच्या गोळ्या होत्या म्हणून वेळ निभावली. त्या दिवशी ताईंना बसने खाली आणले. त्यानंतर अनेक महिने त्या चालायला आल्या नाहीत. "मला नाही जमणार ते," एवढेच म्हणत.

ताईंना चालणे जमत नव्हते असे नाही. आम्ही आव्हान चुकीचे ठरवले होते. रस्त्याची लांबी पाहून ठरवले, चालणाऱ्याचे शरीर पाहून ठरवायला हवे होते.

आव्हान कशाला हवे?

वस्तीत चालायला जागा नाही, हे खरेच आहे. गल्लीत दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला दारात शिरावे लागते. बायका सकाळी चालायला निघाल्या की नाक्यावरचे लोक बघत राहतात. त्यामुळे "रोज चाला" असे डॉक्टर म्हणतात तेव्हा आपण मान हलवतो आणि विसरतो. आठवड्याला किमान दीडशे मिनिटे, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास, जरा दम लागेल असे चालावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. साखर, रक्तदाब, वजन, झोप, मनावरचा ताण, सगळ्यांवर त्याचा उपयोग होतो. पण नुसत्या आकड्यासाठी कोणी पहाटे उठत नाही. अमुक तारखेला अमुक ठिकाणी स्वतःच्या पायांनी पोहोचायचे, असे ठरले की मात्र उठतो. पुढे कान्हेरी दिसत असेल तर गल्लीतल्या फेऱ्यांनाही अर्थ येतो.

चालण्याचे महत्त्व आपल्या परंपरेला नवीन नाही. अंगुत्तर निकायात चंकमणाचे पाच लाभ सांगितले आहेत : लांबचा प्रवास पेलतो, परिश्रम झेपतात, आजार कमी होतात, खाल्लेले नीट पचते आणि चालताना साधलेली एकाग्रता जास्त काळ टिकते. पाचांपैकी चार लाभ सरळ शरीराचे आहेत.

आणि कान्हेरी तर चालणाऱ्यांचीच जागा आहे. बेसाल्टच्या एका डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत. हजार वर्षांच्या आसपास तिथे भिक्खू राहिले. कल्याण, सोपारा, नाशिक येथील दात्यांची नावे तिथल्या शिलालेखांत आहेत. तेव्हा लोकल नव्हती. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या व्हरांड्यात दोन्ही टोकांना वीस फुटांहून उंच बुद्धमूर्ती उभ्या आहेत. लेण्यालेण्याला पावसाचे पाणी साठवणारी खडकातली टाकी आहेत, शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटले आहे. भर उन्हात चढून गेलेल्या माणसाला पाण्याची किंमत किती, हे त्या टाक्या खोदणाऱ्यांना नक्की ठाऊक होते.

आधी स्वतःला मोजा

पहिल्या आठवड्यात कुठेही जाऊ नका. घड्याळ लावून, सपाट रस्त्यावर, न थांबता किती मिनिटे चालता येते ते पाहा. चालताना शेजारच्याशी बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये, हा योग्य वेग. बोलणेही तुटत असेल तर वेग कमी करा. कोणाचे दहा मिनिटे येईल, कोणाचे चाळीस. लाज वाटण्यासारखे त्यात काही नाही. तो आकडा वहीत लिहा, तुमचे आव्हान त्या आकड्यापासून सुरू होते.

मग दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवा, घाई नको. एखादा आठवडा आजारपणात किंवा ओव्हरटाइममध्ये गेला तर मागच्या आठवड्याच्या आकड्यावर परत या, पुढे उडी मारू नका. चढाच्या सरावासाठी डोंगर लागत नाही. पुनर्वसनाच्या इमारतीत राहत असाल तर जिने आहेतच, लिफ्ट तशीही बंद असते. आठवड्यातून दोनदा तीन-चार मजले सावकाश चढावे आणि त्याहून सावकाश उतरावे. गुडघे चढताना कमी आणि उतरताना जास्त दुखतात.

सुरुवात करायला वर्षावास संपल्यानंतरचा काळ उत्तम. आश्विन पौर्णिमेला सुरुवात केली तर मधले तीन महिने थंडीचे मिळतात आणि पौष-माघात कान्हेरी गाठता येते. पावसाळ्यात लेण्यांच्या पायऱ्यांवर शेवाळ असते, ओढे अचानक वाढतात. एप्रिल-मेचे ऊन नवशिक्यासाठी नाही.

आम्ही दुसऱ्या वेळी उद्यानातली आव्हाने अशी लावली. पहिले : गेटजवळच्या सपाट भागात अर्धा तास फिरून गांधी टेकडी चढायची. दुसरे : कान्हेरीच्या रस्त्याने दोन-तीन किलोमीटर जाऊन मागे फिरायचे. हे आव्हान आम्ही तीन रविवार केले आणि कोणाला कंटाळा आला नाही, वाटेत हरणे दिसली. तिसरे : कान्हेरीपर्यंत पायी आणि परत बसने. चौथे, ज्यांना हवे त्यांनाच : दोन्ही बाजू पायी. चौथ्यापर्यंत आमच्यातले नऊच जण गेले. बाकीचे तिसऱ्यावर थांबले आणि तेच आव्हान पुन्हा पुन्हा करत राहिले. तब्येतीच्या दृष्टीने दोघांत फारसा फरक नाही.

वेळेची शर्यत आम्ही बंद केली. तरुण मुलांना ती हवी असते, त्यांनी वेगळ्या दिवशी करावी. गटात सगळ्यात हळू चालणारी व्यक्ती सगळ्यात पुढे, हा एकच नियम ठेवला. मुले सुरुवातीला वैतागली. मग त्यांनी लेणी मोजण्याचे आव्हान स्वतःच काढले : दर खेपेला पाच नवी लेणी पाहायची आणि वहीत टिपायची.

कोणी आधी डॉक्टरांना विचारावे

छातीत दुखणे, थोड्या चालीने धाप लागणे, पायांवर सूज, पूर्वी हृदयाचा त्रास, यांपैकी काही असेल तर आधी तपासणी. चालताना छातीत दाब आला, दुखणे हातात किंवा जबड्यात गेले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर आव्हान तिथेच संपले. बसा, सोबत्यांना सांगा, दवाखाना गाठा. "ॲसिडिटी असेल" म्हणून पुढे चालू नका. रक्तदाबाची सकाळची गोळी चुकवू नका.

साखर असणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये. भाकरी किंवा पोळी खाऊन निघावे. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या असतील तर खिशात साखर हवीच. थरथर, घाम, गोंधळल्यासारखे वाटणे ही साखर उतरल्याची चिन्हे. लगेच तीन चहाचे चमचे साखर किंवा गोळ्या खायच्या, पंधरा मिनिटे बसायचे, फरक नसेल तर पुन्हा खायच्या आणि बरे वाटल्यावर पोटाला काही आधार द्यायचा. मात्र माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, तडक दवाखान्यात न्या. उपोसथाचे आठ शील पाळणाऱ्यांचे दुपारनंतर जेवण नसते, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मोठी चाल ठेवू नये. चपला नकोत, मोज्यांसह बूट घाला आणि घरी आल्यावर तळपाय पाहा. साखरेमुळे पाय बधिर झाले असतील तर फोड आलेला कळतही नाही.

आणखी एक गोष्ट, जी चालण्याच्या पुस्तकांत सहसा नसते. आपली अनेक कुटुंबे विदर्भातून आलेली आहेत आणि तिथे आपल्या समाजात सिकलसेलचे प्रमाण जास्त आहे. सिकलसेलचा आजार असलेल्या व्यक्तीला पाणी कमी पडणे, अति दमणे आणि पहाटेची थंडी या तिन्हींनी दुखण्याचा झटका येऊ शकतो. त्यांनी डॉक्टरांना विचारूनच, ऊन कोवळे असताना, अंगभर कपड्यांनी, थोडे थोडे चालावे. जे फक्त वाहक आहेत ते इतरांसारखे चालू शकतात, पण उन्हात चढावर धावू नये आणि पाणी पीत राहावे. घरात कोणाची तपासणी झाली नसेल तर सरकारी दवाखान्यात विचारा, रक्ताची साधी चाचणी आहे. यात लपवण्यासारखे काही नाही.

उद्यानात वागताना

उद्यान शंभर चौरस किलोमीटरहून मोठे आहे आणि ते बिबट्याचे घर आहे. रस्ता सोडून जंगलात शिरायचे नाही, लहान मुले गटाच्या मध्ये, अंधार पडण्याआधी बाहेर. दामू नगर, आप्पा पाडा अशा कडेच्या वस्त्यांतून भिंतीच्या भगदाडातून आत जाण्याची सवय काहींना आहे. ती सोडावी, तिकडे ना पहारा असतो ना मदत. शिलोंड्यासारख्या आतल्या पायवाटांना परवानगी आणि वाटाड्या लागतो. माकडांसमोर पिशवी उघडू नका. माणशी दोन लिटर पाणी घ्या आणि तहान लागण्याआधी घोट घोट प्या. गूळ-शेंगदाणे आणि फुटाणे पुरेसे. लेण्यांचे तिकीट गेटच्या तिकिटाहून वेगळे असते. सोमवारी सगळे बंद.

त्या ताई या वर्षी आल्या. पहिल्या आठवड्यात त्यांचा आकडा बारा मिनिटे होता. माघात त्या कान्हेरीला पायी पोहोचल्या, चैत्यगृहात बसल्या, डबा खाल्ला. तो डबा या वेळी त्यांच्या मुलाने केला होता, भाजीत मीठ जास्त होते. परतताना बसची रांग लांब होती. आम्ही सगळे त्यांच्यासोबत रांगेत उभे राहिलो.