कोपराचा लीस्ट काउंट

मागच्या पावसाळ्यात हॉस्टेलच्या ओल्या जिन्यावरून घसरलो आणि उजव्या हातावर पडलो. कोपरापाशी रेडियसच्या डोक्याला बारीक चीर गेली. काही दिवस हात गळ्यात, मग फिजिओथेरपी. हाड जुळलं, पण हात ना पुरता सरळ होई ना पुरता वाके. जर्नल डाव्या हाताने लिहायला घेतलं, तर सरांनी ‘ही कोणती लिपी?’ म्हणून विचारलं.

फिजिओच्या मॅडम दर आठवड्याला कोपर किती वाकतं ते मोजायच्या. ९६, मग १०३, मग ११० अंश. मी आकडे रूमच्या भिंतीवर लिहीत होतो. चौथ्या आठवड्यात मॅडम रजेवर होत्या, दुसऱ्यांनी मोजलं. १०४! आठवडाभर व्यायाम करून सहा अंश गेले म्हणजे काय? मेसमध्ये एक सीनियर म्हणाला, “आमच्याकडे एक हाडवैद्य आहे, तेल लावून दोनदा चोळलं की हात मोकळा.” शनिवारी त्याच्याबरोबर जायचं ठरलंही.

नशीब, शुक्रवारी मॅडम भेटल्या. त्या उडाल्याच. कोपराला मार बसल्यावर जोरात चोळलं, ओढलं, तर स्नायूतच हाड धरू शकतं आणि मग हात कायमचा अडकतो. आकड्याबद्दल त्या एवढंच म्हणाल्या, “अरे, सहा अंशांचा फरक तुझ्या हातात आहे की आमच्या हातांत, ते आधी बघ. इंजिनियर ना तू?”

लाज वाटली. पहिल्या वर्षी व्हर्नियर हातात घेतल्यापासून ‘झिरो एरर काढला का?’ हे ऐकतोय आणि स्वतःच्या हाताचं रीडिंग मात्र देववाणी मानून बसलो.

त्यांचं साधन म्हणजे गोनिओमीटर. कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन पट्ट्या जोडल्यासारखं. मध्य ठेवायचा कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या हाडाच्या उंचवट्यावर, एक पट्टी खांद्याच्या टोकाकडे, दुसरी मनगटाच्या अंगठ्याकडच्या हाडाकडे. सरळ हात म्हणजे शून्य. निरोगी कोपर साधारण १४० ते १५० अंश वाकतं. पट्टीवर रेघा एकेका अंशाच्या असतात, म्हणून आपल्याला वाटतं चूक फार तर अर्ध्या अंशाची. पण हाडाचा उंचवटा कातडीखाली असतो, तो बोटाने चाचपून शोधायचा. १५ सेंटीमीटरच्या पट्टीचं टोक एक सेंटीमीटर सरकलं, तर टॅन इन्व्हर्स एक भागिले पंधरा, म्हणजे ३.८ अंश! दोन्ही पट्ट्या उलट बाजूंना सरकल्या तर साडेसातच्या वर. माझे सहा अंश त्यात आरामात बसतात. पट्टी ३० सेंटीमीटरची घेतली तर तेवढ्याच सरकण्याने १.९ अंश. लांब पट्टी बरी ती यासाठी.

मग विंगमध्ये प्रयोग केला. माझा चांगला डावा हात टेबलाला बांधून एकाच कोनात पक्का केला आणि पाच जणांना मोजायला लावलं, एकमेकांचं रीडिंग न बघता. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त यांत ९ अंशांचं अंतर! तेच एका रूम पार्टनरने तीनदा मोजलं, तर तिन्ही आकडे ३ अंशांच्या आत. एकाच माणसाचे आकडे आपापसांत जुळतात, दोन माणसांचे तेवढे जुळत नाहीत. (तो तिन्ही वेळा सारखाच चुकत असेल, हेही शक्य आहे. प्रिसिजन आणि ॲक्युरसी यांतला फरक व्हायव्हात विचारतात तो हाच.)

कोणीतरी म्हणालं, मोबाईल बांध ना! ॲपने आकडा दशांशात दिला. दशांश दिसला की आपण विरघळतो. पण त्यातला ॲक्सेलरोमीटर गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखतो, म्हणजे मनगटाजवळचा फोन हाताचा जमिनीशी कोन सांगतो, दंडाशी नाही. वाकवताना दंड पाच अंश उचलला गेला की तेही कोपराच्या खात्यात जमा. उताणं झोपून दंड गादीवर टेकवून ठेवला, किंवा दंडाचा कोन वेगळा मोजून वजा केला, तरच त्या आकड्याला अर्थ. आणि हात जमिनीला समांतर फिरवला तर फोनला कोपर हललेलं कळतच नाही.

आमच्या लॅबमधलं पोटेन्शिओमीटरही लावून पाहिलं. २७० अंश फिरणारं पॉट, १० बिटचा एडीसी, म्हणजे एका पायरीला सुमारे ०.२६ अंश. पण पॉटचा अक्ष कोपराच्या अक्षावर बसेना, हात वाकला की पट्टा सरके. लीस्ट काउंट पाव अंशाचा, चूक चार अंशांची.

क्रिकेटवाल्यांना हा घोळ चांगला माहीत आहे. पूर्वी कोपर सरळ होण्याची मर्यादा स्पिनरला ५, मध्यमगतीला ७.५ आणि वेगवान गोलंदाजाला १० अंश होती. आयसीसीने २००५ मध्ये सगळ्यांना १५ केली. मुरलीधरनचं कोपर तर जन्मतःच पूर्ण सरळ होत नाही. म्हणून तिथे हात किती वाकडा आहे ते नव्हे, दंड आडवा झाल्यापासून चेंडू सुटेपर्यंत तो किती सरळ झाला ते मोजतात. शून्य कुठे धरायचं, हा तिथलाही पहिला प्रश्न.

शनिवारची बस मी सोडली. आता मॅडमच मोजतात, त्याच टेबलावर, व्यायामाच्या आधी, तीनदा, आणि मी भिंतीवर तिन्ही लिहितो. ११० नंतर १११ आला तरी नाचत नाही, १०९ आला तरी रडत नाही. रोजच्या बहुतेक कामांना ३० ते १३० अंशांची हालचाल पुरते, असं १९८१ च्या एका अभ्यासात मोजलं गेलं आणि डॉक्टर तेच धरून चालतात. परवा १२७, १२९, १२८ आले. त्या रात्री मेसमध्ये पहिला घास उजव्या हाताने तोंडापर्यंत गेला. मान थोडी खाली न्यावी लागली, पण गेला.