अठरा तासांचा प्रवास आणि त्याचा हिशेब

परदेशी व्यापाऱ्याला भेटीची वेळ देताना पुष्कळ लोक तिकिटावरच्या वेळांची सरळ वजाबाकी करतात आणि फसतात. तिकिटावर सुटण्याची वेळ सुटणाऱ्या गावची असते व पोहोचण्याची वेळ पोहोचणाऱ्या गावची. जगातल्या सर्वांत लांब प्रवासांपैकी एक, सिंगापूर ते न्यूयॉर्क, घेऊन हे समजून घेऊ.

दोन्ही विमानतळांतील सरळ अंतर सुमारे १५,३५० किलोमीटर आहे. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून लावला तर तो उत्तर ध्रुवाच्या अगदी जवळून जातो. नकाशावर हे दिसत नाही, कारण नकाशा सपाट आहे. विमाने मात्र वारा पाहून कधी पॅसिफिकवरून, कधी युरोपच्या बाजूने जातात. ताशी ९०० किलोमीटर धरले तर १७ तास होतात. चढणे, उतरणे, वळसा मिळून साडेअठराच्या आसपास वेळ लागतो.

आता घड्याळ. उन्हाळ्यात न्यूयॉर्क सिंगापूरच्या १२ तास मागे असते, हिवाळ्यात १३. समजा, उन्हाळ्यात सोमवारी मध्यरात्री १२ वाजता सिंगापूरहून निघालात आणि साडेअठरा तासांनी उतरलात. न्यूयॉर्कला तेव्हा सोमवारचीच सकाळ, साडेसहा. दिवस हाती राहिला! परतताना हाच दिवस वसूल होतो. सोमवारी सकाळी साडेदहाला न्यूयॉर्कहून निघालेला माणूस सिंगापूरला मंगळवारी संध्याकाळी पाचला पोहोचतो. मंगळवारी सकाळची भेट ठरवली असेल तर सौदा हातचा गेला. हिवाळ्यात आणखी एक तास धरावा.

खर्चाची बाजू अधिक बोलकी आहे. सिंगापूर एअरलाइन्सने २००४ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या न्यूअर्कला थेट विमान सुरू केले. ते चार इंजिनांचे होते. इतक्या लांब जायचे तर इंधन फार घ्यावे लागते आणि ते इंधन वाहून नेण्यासाठीच पुन्हा इंधन जळते. २००८ मध्ये फक्त १०० बिझनेस क्लासच्या जागा ठेवून पाहिले, तरी तेलाच्या भावापुढे टिकाव लागला नाही. २०१३ मध्ये सेवा बंद पडली. २०१८ मध्ये दोन इंजिनांचे एअरबस ए-३५० आले तेव्हा ती पुन्हा सुरू झाली. त्यातही जागा १६१ च, ६७ बिझनेस आणि ९४ प्रीमियम इकॉनॉमीच्या. स्वस्त वर्ग ठेवलेलाच नाही. फ्रँकफर्टला थांबत जाणाऱ्या विमानाला काही तास जास्त लागतात, पण तिथे साधे तिकीट मिळते. ज्याचा एक दिवस तिकिटांतील फरकापेक्षा जास्त कमावतो त्यानेच थेट विमान घ्यावे, असे आम्हाला वाटते.

माल पाठवणाऱ्याला या विमानाचा उपयोग कमीच. वजन वाचवण्यासाठी त्याचा पुढचा मालकप्पा वापरातच घेतलेला नाही.