उचल फेडण्याआधी

दिवाळी झाली की मुरबाड, शहापूर, भिवंडी भागातल्या कातकरी वाड्या रिकाम्या होऊ लागतात. कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परत येतात. त्याआधी, घरात धान्य नसते अशा दिवसांत, मुकादम किंवा शेठ वाडीवर येऊन ‘उचल’ देऊन गेलेला असतो. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या मंडळ्यांतून मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न या उचलीबद्दलच आहे: “अमुक कुटुंबावर वीस हजारांची उचल आहे, मालक सोडत नाही. आम्ही वर्गणी काढून पैसे भरले तर चालेल का?”

हेतू चांगला आहे, पण उत्तर ‘नाही’ असे आहे.

आधी उचलीचा हिशेब कसा चालतो ते पाहू. मजुरी हजार विटांमागे ठरते. दर आठवड्याला मीठमिरचीपुरती ‘खर्ची’ मिळते आणि तीही खात्यावर लिहिली जाते. वही मालकाकडे असते आणि वाचणाराही तोच. हंगाम संपताना उचल, खर्ची, दवापाणी हे सगळे मजुरीतून वजा होते. हाती काही उरले तर ठीक, नाहीतर ‘अंगावर बाकी’ निघते, आणि ती फेडायला पुढच्या वर्षी त्याच भट्टीवर यावे लागते. घरातला कर्ता वारला, तर बाकी मुलाच्या नावावर चढते.

वेठबिगार पद्धत (निर्मूलन) कायदा 1976 चा असला, तरी तो 25 ऑक्टोबर 1975 पासून लागू धरलेला आहे. वेठीला बांधणारे कर्ज या कायद्याने बुडीत ठरते. कमी होत नाही, हप्त्यांत बसत नाही, संपते. त्यासाठी दिवाणी दावा लावता येत नाही. शिवाय असे संपलेले कर्ज पुन्हा वसूल करणे, त्यापोटी पैसे स्वीकारणे, हाच गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे आपली वर्गणी शेठने घेतली, तर जे देणे कायद्याने उरलेच नाही ते आपण भरले, आणि त्याला पुढच्या उचलीसाठी भांडवल दिले. कुटुंब सुटते, पण कागदावर ते कधी बांधलेलेच नव्हते असे होते.

हा कागद फार महत्त्वाचा आहे. वेठबिगार म्हणून मुक्ती प्रमाणपत्र मिळाले, तरच 2016 च्या केंद्रीय योजनेतून पुनर्वसन मिळते: प्रौढ पुरुषाला एक लाख, स्त्रिया व बालकांना दोन लाख, आणि अतिशय गंभीर प्रकरणांत तीन लाख. तातडीची मदत आधी मिळते, पण मोठी रक्कम बहुधा मालकावरचा खटला सिद्ध होण्यावर अडते. हा त्या योजनेतला मोठा दोष आहे असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही वर्गणीतून सुटलेल्या कुटुंबाला यातले काहीच मिळत नाही.

प्रत्येक उचल म्हणजे वेठबिगारी मात्र नव्हे. मी चार गोष्टी विचारतो. काम सोडून दुसरीकडे जाता येते का? हवे तिथे फिरता येते का? किमान वेतन मिळते का? आपली मेहनत किंवा माल बाजारभावाने विकता येतो का? आगाऊ रक्कम घेतली आहे आणि यातले एकही उत्तर ‘नाही’ आले, तर प्रकरण वेठबिगारीचे धरून चाला. करार तोंडी असला तरी चालतो. हे कर्ज वेठीचे नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी कायद्याने धनकोवर टाकली आहे. बंधुआ मुक्ती मोर्चाच्या 1984 च्या निकालात न्या. भगवतींनीही हेच बजावले: जबरीचे काम दिसले, तर ते आगाऊ रकमेपोटीच आहे असे आधी गृहीत धरायचे. निरक्षर मजुराकडे पुरावा मागत बसायचे नाही.

तक्रार जिल्हाधिकारी, प्रांत किंवा तहसीलदार यांच्याकडे लेखी द्यावी. भट्टी ज्या तालुक्यात आहे तिथे द्यावी, मजुराचे गाव कोणते हे गौण आहे. मालकाशी आधी बोलणी करायला जाऊ नये. रातोरात भट्टी रिकामी होते आणि चौकशीला गेलेल्या अधिकाऱ्याला फक्त विटा दिसतात. मजूर आदिवासी असल्याने मालक त्या समाजाचा नसेल, तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलमही लागते. त्याचा उल्लेख अर्जात करावा.

हे आपल्या जिल्ह्याला नवे नाही. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी जन्मभर राबणाऱ्या वारल्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. जानेवारी 1945 मध्ये टिटवाळ्याला, म्हणजे आज आपण लोकलने जातो त्याच टिटवाळ्याला, किसान सभेची परिषद झाली. तिथे आलेल्या वारल्यांनी आपली हकीकत सांगितली आणि पुढे गोदावरी व शामराव परुळेकरांच्या साथीने उठाव उभा राहिला. 1976 चा कायदा झाल्यावरही त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात तो अमलात आणायला विवेक व विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेला वर्षानुवर्षे झगडावे लागले.

आता आपल्यापैकी जे पैसे देतात त्यांच्यासाठी थोडे. घरकामाच्या बाईंना किंवा ओळखीच्या माणसाला बिनव्याजी हातउसने देणे ही सावकारी नव्हे. व्याजाने पैसे देण्याचा धंदा मात्र 2014 च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली परवान्याशिवाय करता येत नाही. त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि विनापरवाना सावकाराला न्यायालय हुकूमनामा देत नाही. तारण नसलेल्या कर्जावर परवानाधारकालाही शेतकऱ्याकडून वर्षाला 12 आणि इतरांकडून 18 टक्क्यांपुरतेच व्याज घेता येते. चाळीतून चालणारे ‘महिना दहा टक्के’ म्हणजे वर्षाला 120 झाले! एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त घेता येत नाही. आजोबांच्या काळचा दामदुपटीचा नियमच तो. व्यवहारात सावकाराने जमीन बळकावली असेल, तर मागच्या पंधरा वर्षांतल्या व्यवहारासाठी सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो.

प्रामाणिकपणे दिलेले पैसे परत मिळायला हवेत, यात वाद नाही. त्यासाठी तारखेसह लिहून घ्यावे. दावा साधारणपणे तीन वर्षांत लावावा लागतो. मुदत संपण्याआधी ऋणकोने सहीनिशी कर्ज मान्य केले, तर मुदत नव्याने सुरू होते. आधार, रेशनकार्ड, एटीएम कार्ड ठेवून घेऊ नये. ते तारण नाही, गळफास आहे. माझा सल्ला लोकअदालतीचा असतो. फी लागत नाही, हप्ते दोघांच्या संमतीने ठरतात, आणि तडजोडीला हुकूमनाम्याचे बळ असते. आदिवासींना, स्त्रियांना आणि वेठबिगारांना उत्पन्न न पाहता वकील मोफत मिळतो. जिल्हा किंवा तालुका विधी सेवा कार्यालयात जावे, किंवा 15100 वर फोन करावा.

बचतगटाच्या नावाने मायक्रोफायनान्स कंपनीचे कर्ज घेतलेल्या भगिनींनी एवढे लक्षात ठेवावे: वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर त्रास देता येत नाही, आणि सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होतील असे नवे कर्ज कंपनीने द्यायचेच नसते. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. माहितीसाठी क्रमांक 14448.