औषध-चाचणीतील स्वयंसेवकाचे अधिकार

प्रश्न : वैद्यकीय महाविद्यालयातील औषध-चाचणीत नाव नोंदवल्यावर मध्येच बाहेर पडता येते का, आणि अपाय झाल्यास जबाबदारी कोणाची?

उत्तर : बाहेर पडण्याचा अधिकार शेवटच्या दिवसापर्यंत अबाधित असतो आणि बाहेर पडल्यामुळे रुग्णाचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. भारतात अशा चाचण्यांना 2019 चे नियम लागू आहेत. नैतिकता समितीच्या, म्हणजे किमान 7 सदस्यांच्या आणि ज्यात कायदेतज्ज्ञ व सामान्य नागरिकही असतो अशा मंडळाच्या, मान्यतेशिवाय कोणालाही चाचणीत घेता येत नाही. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई द्यावी लागते. मात्र सहभागी झाले की नवे औषध हमखास मिळते, हा समज फार चिवट आहे. अनेक चाचण्यांत गट चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरतात आणि एका गटाला प्लासिबो, म्हणजे औषधासारखी दिसणारी पण औषधी द्रव्य नसलेली गोळी, दिली जाते. पुष्कळदा कोणाला काय मिळाले हे डॉक्टरांनाही ठाऊक नसते. संमतीपत्र मराठीत मागावे, सवडीने वाचावे, त्याची प्रत जवळ ठेवावी आणि सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीतील चाचणीचा क्रमांक विचारावा. तो सांगण्यास टाळाटाळ झाल्यास सही करू नये.