सहकारी संस्थेतील वाद आणि ‘लवाद’ हा शब्द

व्यवहारातील शब्द कायद्यात शिरला की त्याच्या अर्थाची सीमा बदलते. ‘लवाद’ हा असाच शब्द आहे.

चामोर्शीच्या एखाद्या धानउत्पादक शेतकऱ्याने दोन पतसंस्थांकडून कर्ज घेतले आणि दोन्हींशी बाकीवरून वाद झाला, अशी कल्पना करा. पहिली संस्था राज्याच्या कायद्याने नोंदलेली आहे. तिच्याबाबतचा वाद महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ नुसार सहकार न्यायालयात जातो. दुसरी बहुराज्य संस्था आहे. तिच्याबाबतचा वाद २००२ च्या केंद्रीय अधिनियमातील कलम ८४ नुसार लवादाकडे जातो.

बोलीत लवाद म्हणजे दोन्ही पक्षांनी मिळून मानलेला तिऱ्हाईत. कलम ८४ मधील लवाद मात्र केंद्रीय निबंधक नेमतात. म्हणून ‘मी लवाद मानलाच नाही’ असे म्हणून नोटीस बाजूला ठेवणाऱ्या सभासदाच्या गैरहजेरीतही निवाडा होऊ शकतो आणि त्याची अंमलबजावणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे होते. निवाड्याला आव्हान देण्याची मुदत, तो हाती पडल्यापासून, सामान्यतः तीन महिने आहे. सहकार न्यायालयाच्या निर्णयावर अपील मात्र दोन महिन्यांत करावे लागते.

यावरून लक्षात येईल की नोटीस वाचताना प्रथम संस्थेची नोंदणी व कलम पाहावे. शब्दाचा ओळखीचा अर्थ तेथे पुरत नाही.

स्वाध्याय : ‘लवाद’, ‘पंच’ आणि ‘न्यायाधीश’ या शब्दांतील अर्थभेद सोदाहरण स्पष्ट करा.