लसीकरणाची यादी कागदावर उतरताना

मोहगावच्या माझ्या दवाखान्यात संगणक येऊन बरीच वर्षे झाली, तरी लसीकरणाच्या दिवशी टेबलावर असतो तो कागदच. वीज जाते, परिचारिकेचे हात गुंतलेले असतात, आणि आईला पुढची तारीख दाखवायची तर पडद्यापेक्षा पान सोयीचे पडते. म्हणून आदल्या संध्याकाळी एक्सेलमधील यादी छापून ठेवण्याचा माझा परिपाठ आहे. ती कशी छापावी हा विषय वैद्यकीय स्मरणिकेत क्षुल्लक वाटेल. मलाही तो तसाच वाटत होता.

काही वर्षांपूर्वी अशाच एका दिवशी यादीचे दुसरे पान पहिल्यापासून सुटे झाले. त्या पानावर स्तंभांची शीर्षके नव्हती. गोवर-रुबेलाच्या पहिल्या आणि दुसऱ्या डोसचे रकाने शेजारी शेजारी. नऊ महिने पूर्ण झालेल्या एका मुलीच्या पहिल्या डोसची तारीख दुसऱ्या डोसच्या रकान्यात लिहिली गेली आणि संध्याकाळी तशीच संगणकात चढली. मुलगी सोळा महिन्यांची झाली तेव्हा आमच्या लेखी तिचे दोन्ही डोस झालेले होते. साहजिकच तिला बोलावणे गेले नाही. पुढे ती सर्दीतापासाठी आली, आईने पिशवीतून लसीकरण कार्ड काढले, तेव्हा हा घोटाळा उघड झाला. नवव्या महिन्यातील डोसाने सुमारे ८५ टक्के बालकांनाच गोवरापासून संरक्षण मिळते. उरलेल्यांसाठी दुसरा डोस असतो. ही मुलगी त्या उरलेल्यांपैकी असती तर? चूक परिचारिकेची नव्हती. पान मी छापले होते.

माझा गैरसमज असा होता, की 'फ्रीझ पेन्स' वापरून पडद्यावर शीर्षकाची ओळ स्थिर केली म्हणजे ती प्रत्येक पानावर छापली जाईल. तसे होत नाही. ती सोय केवळ पडद्यापुरती आहे. कागदासाठी 'पेज लेआउट'मधील 'प्रिंट टायटल्स' उघडून, वर पुनरावृत्त व्हावयाच्या ओळी स्वतंत्रपणे निवडाव्या लागतात. यादी आडवी पसरून दोन पानांवर जात असेल, तर बालकाचे नाव आणि नोंदणी क्रमांक हे डावीकडचे स्तंभही तेथेच निवडावेत. एक खोच लक्षात असू द्यावी: छपाईच्या खिडकीतून 'पेज सेटअप' उघडल्यास हे रकाने निष्क्रिय दिसतात. आपल्या आवृत्तीत ही सोयच नाही, असे समजून मी कित्येक महिने गप्प बसलो होतो.

रुंदीचा प्रश्न त्यापाठोपाठ येतो. अखेरचा एखादा स्तंभ वेगळ्या पानावर जाऊन पडतो. त्यावर संपूर्ण तक्ता एकाच पानात बसविण्याचा पर्याय निवडला, तर दोनशे नावांची अक्षरे मोहरीएवढी होतात. योग्य मार्ग असा: कागद आडवा घ्यावा, 'विड्थ' एक पान ठेवावी आणि 'हाइट' आपोआप ठरू द्यावी. रुंदी पानात बसते आणि लांबी हवी तितकी वाढते. कागदाचा आकारही तपासावा. ए-फोर २१० गुणिले २९७ मिलिमीटर असतो, तर अमेरिकन लेटर २१६ गुणिले २७९. संगणकात लेटर आणि ट्रेमध्ये ए-फोर असला, की पानांचे विभाजन बिघडते आणि कडा कापल्या जातात. डावीकडे फायलीच्या छिद्रांसाठी अडीच सेंटिमीटर सोडावेत; तळाशी पान क्रमांक, एकूण पाने आणि छपाईची तारीख घालावी. तारखेविना जुनी यादी कोणती आणि नवी कोणती, हे कसे ओळखणार?

तारखांचे दुखणे मात्र अधिक खोल आहे. संगणकाची मांडणी अमेरिकन असेल, तर ५/६/२०२४ ही नोंद ५ जून न राहता ६ मे होते. १५/६/२०२४ मध्ये पंधरावा महिना नसल्यामुळे संगणक तिला तारीख न मानता मजकूर मानतो. एकाच स्तंभात काही तारखा सरकलेल्या, काही निर्जीव. आणि छापील पानावर दोन्ही सारख्याच साळसूद दिसतात. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसींसाठी आपण जन्मतारखेत ४२, ७० आणि ९८ दिवस मिळवितो. मूळ तारीखच चुकली तर पुढचे सारे चुकते. विभागीय मांडणी भारतीय करून महिना अक्षरांत दाखवावा. मोबाइल क्रमांकाचा स्तंभ 'टेक्स्ट' ठेवावा, अन्यथा अरुंद जागेत दहा अंकांच्या जागी गणिती घातांक छापला जातो आणि आईला दूरध्वनी करणे अशक्य होते.

लिपीविषयी आपल्या भागापुरते थोडे. येथे घरची भाषा मराठी आणि कार्यालयाची हिंदी. त्यामुळे 'काळे' आडनावाचे बाळ सरकारी कागदावर 'काले' होते आणि यादीत दोनदा अवतरते. क्रुतिदेवमध्ये टंकलेली यादी तो टंक नसलेल्या संगणकावरून छापली, तर पानभर निरर्थक इंग्रजी अक्षरे उमटतात. युनिकोड वापरावा.

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या शेजारीच, छिंदवाडा जिल्ह्यातील परासिया परिसरात, डायएथिलीन ग्लायकॉलने दूषित झालेल्या खोकल्याच्या औषधामुळे बालके दगावली. त्या दिवसांत मी माझ्याकडील औषधवाटपाच्या फायली काढून बसलो. ते औषध आमच्याकडे नव्हते. पण छापील पानांवर कोणत्याच औषधाचा बॅच क्रमांक नव्हता. संगणकात तो नोंदविलेला होता. नंतर जोडलेला तो स्तंभ 'प्रिंट एरिया'च्या बाहेर राहिला होता, इतकेच. ती निवड एकदा केली की कायम राहते आणि शेजारी वाढविलेला स्तंभ आपोआप तिच्यात येत नाही. त्या संध्याकाळी सर्व पाने पुन्हा छापली.

आता लसीकरणाच्या आदल्या दिवशी पहिले पान मी स्वतःजवळ ठेवतो आणि फक्त दुसरे पान परिचारिकेच्या हाती देऊन एका बाळाची नोंद वाचायला सांगतो: कोणते बाळ, कोणती लस, कोणत्या तारखेला. ती अडखळली की पुन्हा संगणकासमोर बसतो.