क्रीमच तर आहे!

डोंबिवलीत मेडिकलच्या काउंटरमागे नोकरी करताना एक उलटी गोष्ट मी रोज बघायचे. साधं मॉइश्चरायझर घ्यायला आलेली बाई बाटली फिरवून फिरवून किंमत बघणार, "याच्यात छोटी नाही का?" विचारणार आणि बऱ्याचदा "पुढच्या महिन्यात नेते" म्हणून परत ठेवणार. तीच बाई स्टिरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन अशा तीन औषधांची ट्यूब मात्र नाव घेऊन, घाईघाईत, लोकल सुटायच्या आत मागणार. डॉक्टरांची चिठ्ठी विचारली की उत्तर ठरलेलं असायचं, "अहो ताई, क्रीमच तर आहे! पोटात थोडीच घ्यायचीय?" मी नाही म्हटलं की तिचा राग माझ्यावर. चार दुकानं सोडून पुढे तिला ती मिळायची, हे तिला माहीत होतं आणि मलाही.

मासिकांत आणि मोबाइलवर वाचायला मिळतं की डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरायचं ते जहाल आणि दुकानात सहज मिळतं ते सौम्य. अमेरिकेत हे बऱ्यापैकी खरं आहे. तिथे मुरमांवरचं ०.१ टक्का अडापलीन २०१६ साली बिनचिठ्ठीचं झालं, आणि २०२० मध्ये हायड्रोक्विनोन दुकानांच्या उघड्या फळीवरून चिठ्ठीमागे गेलं. म्हणजे काय कुठे ठेवायचं यावर कोणीतरी विचार करतं आणि दुकानदार तो पाळतो. आपल्याकडे डोंबिवलीच्या फडके रोडपासून ठाण्याच्या जांभळी नाक्यापर्यंत काउंटरवर काय मिळेल, हे कायद्यापेक्षा समोरच्या माणसावर ठरतं. त्यामुळे 'दुकानात मिळालं म्हणजे बिनधोक' हा हिशेब इथे चालत नाही. इथे सगळ्यात जहाल तेच सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सोपं आहे.

ठाकुर्लीहून ठाण्याला नोकरीला जाणारी एक मुलगी आमच्याकडची नेहमीची गिऱ्हाईक होती. सॅनिटरी पॅड, आईच्या बीपीच्या गोळ्या, इतकंच न्यायची. मैत्रिणीने सुचवलेली तीच तीन औषधांची ट्यूब ती स्टेशनजवळून घ्यायची, हे मला खूप नंतर कळलं. त्या ट्यूबने खरंच काम केलं, आणि गोम नेमकी तिथेच आहे. पहिल्या काही आठवड्यांत चेहरा उजळला, ऑफिसात विचारणा झाली, घरच्यांना बरं वाटलं. स्टिरॉइड त्वचेतली सूज दाबतं, रक्तवाहिन्या आवळतं, म्हणून लाली आणि पुरळ गायब होतात. बाकीची दोन औषधं रंगद्रव्य कमी करतात आणि वरचा थर झपाट्याने झडायला लावतात. मग ट्यूब संपते, आठवडाभर आणायची राहते, आणि चेहरा भडकतो. पुन्हा लावली की शांत. सावकाराचं व्याज फेडायला त्याच सावकाराकडून पैसे घ्यावेत, तसा हा व्यवहार होतो.

एका संध्याकाळी ती ओढणी नाकापर्यंत ओढून आली. ओढणी बाजूला केली तेव्हा दोन्ही गालांवर बारीक लाल शिरांची जाळी दिसली, जबड्याच्या कडेला आधी नसलेली मऊ लव, आणि कपाळावर एकाच मापाच्या पुटकुळ्या. "गॅससमोर उभं राहवत नाही, ताई. पोळ्या आईच करते," ती म्हणाली. चाळिशीतल्या बाईची वाटावी अशी ती त्वचा, आणि मुलगी पंचविशीच्या आतली. या अवस्थेला नाव आहे. कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ कौशिक लाहिरी आणि अरिजित कुंडू यांनी तिला 'टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस' म्हटलं. एका आजारासाठी वेगळं नाव पाडावं लागलं, यावरूनच किती चेहरे त्यांच्यासमोर आले असतील ते समजा.

मूळ सूत्र वाईट नव्हतं. अमेरिकेतल्या अल्बर्ट क्लिगमन यांनी १९७५ मध्ये या तीन प्रकारच्या औषधांचं मिश्रण वांगासाठी मांडलं. तिथे पुढे २००२ साली जी तिहेरी क्रीम मान्य झाली, तिच्यात स्टिरॉइड अगदी हलकं होतं, ०.०१ टक्का फ्लुओसिनोलोन, आणि मुदत आठ आठवड्यांची. आपल्या बाजारात रुळलेल्या ट्यूबांमध्ये मोमेटासोन असतं, ते त्याच्यापेक्षा बरंच जोरकस. आणि मुदत? मुदत कोणी सांगतच नाही, कारण सांगायला मधे कोणी नसतंच. वर्षानुवर्षं लावणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. फेअरनेस क्रीमसारखी, नाइट क्रीमसारखी, फाउंडेशनखाली.

त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने बराच पाठपुरावा केल्यावर २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइडांच्या मलमांना शेड्यूल एचमध्ये आणलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री बंद. त्याच वर्षी औषधांच्या शेकडो मिश्रणांवर बंदी आली, त्यात गजकर्णावर सर्रास चोळली जाणारी 'सब कुछ एकात' मलमंही होती. पावसाळ्यात घामेजल्या पँटी घालून कर्जत-कसारा लोकलला लटकणाऱ्यांनी ही मलमं किती वापरली असतील, त्याला मोजदाद नाही. त्यातल्या स्टिरॉइडाने खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र पसरत राहते. कायदा कागदावर चांगलाच आहे. खोक्यावर इशाऱ्याची चौकट, लाल रेघ, आरएक्स असतोच. वाचत कोणी नाही, कारण खोकं दुकानातच फेकून ट्यूब पर्समध्ये जाते.

म्हणून खोकं घरी आणा, आणि घटकांच्या बारीक अक्षरांत क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांतलं एकही नाव दिसलं तर ती क्रीम नव्हे, औषध आहे असं धरा. चेहऱ्यावर तर डॉक्टरांनी किती दिवस हे सांगितल्याशिवाय लावूच नका.

पार्लरचा भाग वेगळा आहे. तिथे 'प्रोफेशनल' हा शब्द मोठ्या डब्याला चिकटलेला असतो, शिक्षणाला असेलच असं नाही. हल्ली पार्लरमध्ये त्वचेचा वरचा थर सोलायला लावतात तसलं ग्लायकोलिक ॲसिडचं तीस-तीस, सत्तर-सत्तर टक्क्यांचं पील ऑनलाइन घरपोच येतं. अमेरिकेत प्रसाधनांची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञ समितीने घरच्या वापरासाठी १० टक्क्यांची आणि पीएच साडेतीनच्या खाली न जाण्याची मर्यादा घातली. ३० टक्के हे प्रशिक्षित हातांसाठी, तेही थोडा वेळ लावून धुऊन टाकण्यासाठी. टक्का लेबलवर मोठ्या अक्षरात असतो, पीएच बहुधा नसतोच. आणि आपली सावळी त्वचा भाजली की लाल राहून बरी होत नाही, काळी पडते. तो डाग जायला कित्येक महिने जातात. क्लिनिकमध्ये डॉक्टर घड्याळ लावून बसतात, त्वचेचा रंग बदलताना बघतात, ठरल्या क्षणी ॲसिड निष्प्रभ करतात. पैसे त्या बघण्याचे असतात. बाटली तर कोणालाही मिळते.

योग्य औषध असूनही घोटाळा होतो, हेही सांगायला हवं. डॉक्टरांनी रीतसर लिहून दिलेलं ट्रेटिनॉइन लावणारी एक कॉलेजातली मुलगी दिवाळीच्या आदल्या दिवशी अपरलिपला वॅक्स करून आली. दुसऱ्या दिवशी पहाटे फडके रोडवरच्या दिवाळीच्या गर्दीत नऊवारी नेसून जायचं होतं. पट्टी ओढताना केसांबरोबर त्वचेचा वरचा पापुद्राच निघाला. चूक ना डॉक्टरांची, ना पार्लरवालीची. दोघांनी एकमेकांचं काही विचारलं नव्हतं, एवढंच. ट्रेटिनॉइनसारखं रेटिनॉइड कुठलंही असो, वॅक्सच्या आधी काही दिवस ते थांबवायचं असतं, आणि पार्लरमध्ये बसण्याआधी तोंडाने सांगायचं असतं. गरोदरपणात तर रेटिनॉइड नकोच.

आणि बिनालेबलच्या डब्या. २०२३ मध्ये अकोल्यातल्या एका कुटुंबाची बातमी आली होती. जैवतंत्रज्ञान शिकणारी मुलगी, तिची आई आणि बहीण, तिघींना किडनीचा विकार, आणि तिघींच्या वापरात एकच गोरं करणारी क्रीम. मुंबईच्या केईएममध्ये तपासल्यावर क्रीममध्ये पारा सापडला. पारा त्वचेतून आत जातो आणि किडनीच्या गाळणीवर बसतो. ज्या डबीवर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक आणि बॅच नंबर नाही, परदेशी असेल तर आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक नाही, ती फुकट मिळाली तरी घेऊ नये.

मग घ्यायचं काय? बहुतेकींना खरी गरज असते ती एका साध्या फेसवॉशची, मॉइश्चरायझरची आणि सनस्क्रीनची. एसपीएफ ३० पुरे, पण चेहऱ्या-मानेला दोन बोटांवर भरेल इतकं लावायचं. वाटाण्याएवढ्या ठिपक्याने काही होत नाही, आणि मग बायका म्हणतात की सनस्क्रीनचा उपयोग नाही. मुरमं थोडी असतील तर २ टक्के सॅलिसिलिक ॲसिडने सुरुवात करा, एका वेळी एकच नवी वस्तू, आणि आधी कानामागे चार-पाच रात्री लावून बघा. दोन महिन्यांत फरक नाही, खड्डे पडताहेत, वांग पसरतोय, तर पुढची बाटली न घेता डॉक्टर गाठा. खासगी परवडत नसेल तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात त्वचाविभाग आहे. गर्दी असते, पण तिथे चेहरा बघून लिहून देतात.

आणि कोणी आधीच अशी ट्यूब महिनोन्महिने लावत असेल तर हे वाचून ती आज रात्री कचऱ्यात टाकू नका. एकदम थांबवलं की चेहरा असा पेटतो की काही दिवसांतच माणूस घाबरून नवी आणतो. डॉक्टर जोर कमी करत, दिवसाआड करत ती सोडवतात, आणि मधल्या लालीसाठी वेगळं देतात. जाताना वापरलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून न्या, पिळून संपलेल्यासुद्धा. खोकं नसलं तरी घटकांची नावं ट्यूबच्या पाठीवर असतात, बॅच नंबर शेवटच्या चपट्या दुमडीवर ठसवलेला असतो.